न्हाई लिवा

२१ एप्रिल, रविवार. सकाळी सात वाजता मी निलंग्यातल्या माझ्या खोलीत पाणीटंचाईच्या सर्व्हेचे फॉर्म लावत बसले होते. साल पंच्याऐंशी. लातूर जिल्हा नवा होऊन तीन वर्षंही झाली नव्हती... काही पाट्यांवर अजून जुन्या जिल्ह्याचंच नाव होतं. दुष्काळ मात्र दोन्ही जिल्ह्यांचा सारखाच. फॉर्मचे दोन गठ्ठे करायचे होते. एक टंचाईचा, दुसरा पाणी असलेल्यांचा. सोमवारी दुपारी एकच्या आत यादी लातूरला पोचवायची. यादीत नाव आलं तर त्या वस्तीला टँकर आणि बोअर. नाही आलं तर पुढच्या वर्षी बघू.

या सदरात लिहिणाऱ्यांना असले अनुभव बरेच येतात असं दिसतं. मला येत नाहीत. माझं माहेर उमरीचं, घरामागेच स्मशान, तिथल्या चिंचा खाऊन आम्ही वाढलो. पर्यवेक्षिका म्हणून नोकरी करताना अंगात येणाऱ्या कितीतरी बायकांना मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, आणि बऱ्याच जणींच्या अंगात यायचं थांबलं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण बारा वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

माझ्याबरोबर लीना होती. फिनलंडची, सव्वीस वर्षांची, सहा महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून आलेली. तिच्या देशात म्हणे तळीच तळी, आणि इथे ती लोकांच्या घागरी मोजत फिरत होती. नाव ऐकून बायका मला विचारायच्या, "लीना तर आपल्यातलंच नाव की. मग ही अशी पांढरी कशानं?"

सर्व्हेचा पहिला प्रश्न, 'पाणी आहे का?' तेवढं मराठी लीनाने पाठ केलं होतं. उत्तर यायचं, "हाय." पहिल्या आठवड्यात तिला वाटलं लोक नमस्कार करतायत. तीही हात हलवून "हाय" म्हणायची. अख्खी गल्ली हसायची. मग मी तिला दोन शब्द शिकवले. हाय म्हणजे आहे. न्हाई म्हणजे नाही. बाकी मराठवाडा सावकाश शीक म्हटलं.

कर्नाटकच्या हद्दीला लागून एक वस्ती होती, अकरा घरांची. नाव देत नाही. तिथे आम्ही आठवड्यापूर्वी भर दुपारी गेलो होतो. पहिलं घर शिवकांताबाईंचं. पन्नाशीची, वाळकी बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, हनुवटीवर गोंदण, डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली. आम्ही दारात उभ्या राहिलो, लीनाने विचारलं, "पाणी आहे का?"

"हाय की. बसा, अक्का, उनाच्या आलाव."

आतून तांब्या आणला. आम्ही प्यायलो. मी फॉर्मवर 'आहे' लिहिलं. पुढच्या दहा घरांतही हेच. अकरा घरं, अकरा तांबे. मी चार घरी प्यायले, लीना सगळीकडे प्यायली, कारण नको कसं म्हणायचं ते तिला येत नव्हतं.

तर रविवारी सकाळी तो अकरा फॉर्मांचा जुडगा माझ्या हातात आला. लीना इंग्रजीत म्हणाली, "ताई, अकराच्या अकरा? त्यांच्या विहिरीत तर मला नुसता चिखल दिसला."

मी म्हटलं, "ते आहे म्हणाले, मी आहे लिहिलं. आपलं काम लिहायचं." आणि जुडगा दुसऱ्या गठ्ठ्यात टाकला. दोन सेकंदांचं काम.

नऊच्या एसटीने आम्ही उदगीरला निघालो. महिनाभर तिला एकही सुट्टी मिळाली नव्हती आणि तिला किल्ला बघायचा होता. मला किल्ल्यात काडीचा रस नव्हता, पण परक्या पोरीला एकटी कशी पाठवायची? किल्ल्यात चिटपाखरू नव्हतं. खंदक कोरडा, दगड तापलेले. ती फोटो काढत हिंडली, मी सावली शोधत हिंडले. तीनच्या सुमारास मागच्या बाजूच्या कमानींखाली टेकायला गेलो, तर तिथे एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, शेजारी तांब्या पालथा.

लीनाच्या बाटलीतलं पाणी संपलेलं. चेष्टा म्हणून म्हणा की खरंच तहान लागली म्हणून, ती बाईसमोर उकिडवी बसली आणि सर्व्हेच्या सुरात विचारलं, "पाणी आहे का?"

"न्हाई," बाई म्हणाली.

आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी नीट बघितलं. गोंदण, विभूती, अर्धी करंगळी. शिवकांताबाईच.

"तुम्ही इथे कुठे हो?" मी विचारलं.

"आले."

"कुणाबरोबर?"

"एकलीच."

मला रागच आला. सकाळी मी त्यांचा फॉर्म गठ्ठ्यात लावून आले होते. म्हटलं, "त्या दिवशी तर आहे म्हणालात की. मी तसं लिहून बसलेय."

"अक्का, तुमी दारात हुभं राहून इचारलाव," ती शांतपणे म्हणाली. "दारी आलेल्या बाईला पाण्याला न्हाई म्हणावं का? अर्धी घागर व्हती. त्यातलंच दिलं. सगळ्यांनी तसंच दिलं."

"मग आता कसं नाही म्हणताय?"

"आता मला दार कुठाय? आता न्हाई लिवा."

मी काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणाले, "असं तोंडी चालत नाही. उद्या सकाळी निलंग्याला या, अर्ज आणा, ग्रामसेवकाची सही घेऊन."

ती थोडी हसली. "म्या कुठली येते आता."

लीना विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, तक्रार आहे." पिशवीतून तिच्यासाठी संत्रं काढलं, सोलून दिलं. एक फोड बाईला द्यावी म्हणून लीना वळली, तर बाई नव्हती. गेली असेल उठून. बायका उठून जातात, त्यात काय एवढं... मी मान वळवूनही बघितलं नाही.

परत निलंग्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सहा वाजले होते. उजेड होता. ती अकरा घरांची वस्ती ज्या गावची, तिथला कोतवाल माणिक बाकावर बसला होता, हातात कागदांची गुंडाळी. मला बघून उठला.

"बाई, रामराम. तहसीलच्या साहेबाच्या घराकडं आलतो, पंचनामा घिऊन. वस्तीवरल्या शिवकांताबाई गेल्या."

"कुठे गेल्या? दुपारी उदगीरला होत्या."

त्याने गुंडाळी सोडून तारीख दाखवली. "बाई, शुक्रवारी गेल्या. हिरीत उतरल्या व्हत्या, तळाचं वाटीवाटीनं भरायला. कड ढासळली. संध्याकाळी लिंगायताच्या रीतीनं बसवून माती दिली. म्या सोता व्हतो मातीला."

मी म्हटलं, "दुसरी कुणी असेल. नीट सांग. करंगळी—"

"अर्धी. कडबा तोडताना गेल्ती. सगळ्या वस्तीला ठाव हाय. अन्‌ सांगू का बाई... लई कुरकुरत व्हती सून. म्हनत व्हती, त्या सर्व्हेवाल्या बाया आल्त्या त्या दिवशीपासून मामी दोन येळा हिरीत उतरू लागल्या. घरात पाव्हण्यापुरतं पाणी राहावं म्हणून. म्हणल्या, त्या बाया परत आल्या तर?"

लीनाने वहीत त्या दुपारचं लिहून ठेवलं होतं. वेळ, कमानी, बाईचं लुगडं, आणि रोमन अक्षरात 'न्हाई'. स्टँडवर मी तिला माणिकचं बोलणं सांगितलं. तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. मी निदान रडायला तरी हवं होतं, असं तिला वाटलं असावं. मला रडू आलं नाही. आला तो स्वतःचा संताप. लीना परदेशातली, तिला माफ आहे. मी इथली. दारात उभं राहून पाणी विचारलं तर इथली बाई काय उत्तर देते हे मला जन्मापासून माहीत होतं. माझ्या आईनेही हेच दिलं असतं. तरी मी फॉर्म घेऊन अकरा दारांत उभी राहिले, त्यांचं पाणी प्यायले, आणि वर लिहून आले की आहे.

माझे यजमान म्हणतात, तशीच दिसणारी कुणी असेल. मी चौकशी केली. तिला बहीण नव्हती, उदगीरला नातेवाईक नव्हते. आणि समजा तशीच दिसणारी होती, तर माझ्याशी दारात काय बोलणं झालं ते तिला कसं माहीत? डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं असेल. दोघींना एकाच वेळी, एकाच शब्दाचं? लीना नंतर आठ-नऊ वर्षं पत्र पाठवायची. तीही तेच विचारायची. वस्तीला बोअर झाली. पाणी लागलं. लोकांनी माझं अभिनंदन केलं. हा प्रकार नेमका काय होता ते मला माहीत नाही, आणि कळलं तरी माझी सुटका होईल असं वाटत नाही.

सोमवारी सकाळी मी पहिल्या बसने वस्तीवर गेले. शिवकांताबाईंची सून दारात आली. सुतकाचं घर, डोळे सुजलेले, तरी म्हणाली, "बसा अक्का, पाणी आणते." मी बसले नाही. विचारलंही नाही. सरळ आत गेले आणि घागरीत कोपरापर्यंत हात घातला. मग पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. बायका मागून म्हणत होत्या, "अवं, हाय की, हाय की." अकराव्या घरातून बाहेर पडले तेव्हा माझ्या बोटांची नुसती टोकं ओली होती. ओट्यावर बसून अकराही फॉर्मवर 'आहे' खोडलं, 'नाही' लिहिलं. पहिल्या फॉर्मवर कुटुंबातल्या माणसांच्या रकान्यात शिवकांताबाईंच्या नावापुढे 'मयत, दि. १९' लिहिलं. त्याच्याच खाली 'दुरुस्तीचे कारण' असा रकाना होता. तिथे लिहिलं, 'घरमालकिणीने दि. २१ रोजी समक्ष सांगितले.' सही केली आणि लातूरची बस पकडली.