म्हस हाय

संयोगिताबाईंच्या शाळेच्या भिंतींना पोपडे आले होते, पण शाळा डिजिटल होती. हेडसरांनी तसा फलकच फाटकावर लावला होता, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

बावड्यातल्या या शाळेत बाई दुसरीला शिकवायच्या. मोबाइल वर्गात आणायला त्यांची ना नव्हती. वर्ग मोबाइलमधून गावभर हिंडवायला होती. "पोरं चुकायला शाळेत येतात, सर. चुकताना कुणी शूटिंग करतं का?" यावर विजयसिंह हेडसर मायेनं हसायचे, जुन्या माणसांकडे बघून हसावं तसं. वयानं ते बाईंपेक्षा मोठे होते.

मग वरून एक ॲप आलं. ते चित्र दाखवायचं, प्रश्न विचारायचं, पोरांचं बोलणं ऐकून गुण द्यायचं. हेडसरांनी शाळेच्या फोनवर ते लावलं, शूटिंगला स्वतःचा फोन धरला आणि वर्गातली सगळ्यांत बोलकी क्रांती पुढं उभी केली. तिच्या घरी दुधाचा धंदा आणि पडद्यावर नेमकी म्हैस.

"चित्रात काय आहे?" ॲपमधल्या बाईनं गोड आवाजात विचारलं.

"म्हस हाय," क्रांतीनं ठणकावून सांगितलं.

"हाय! तुझं नाव काय?"

"क्रांती. पर ही म्हस हाय."

"हाय, क्रांती! कशी आहेस?"

क्रांतीनं बहिऱ्याला सांगावं तसं ओरडून सांगितलं. ॲप तितक्याच प्रेमानं 'हाय' करत राहिलं. शेवटी पोरीला रडू फुटलं आणि हेडसरांचा व्हिडिओ पूर्ण झाला. पालकांच्या ग्रुपवर त्यांनी तो 'डिजिटल गंमत' म्हणून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भाकरी थापत होत्या. नवरा एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात मोबाइल घेऊन हसत आत आला. "जयसिंगपूरच्या दाजींनी पाठवलंय. तुमच्याच शाळेची न्हवं ही?" कुणीतरी व्हिडिओला मागून गाणंही जोडलं होतं. तव्यावरची भाकरी करपली. नवऱ्याला वाटलं, बाई मुद्दाम करपवतात.

शाळेत क्रांतीचं नाव आता 'म्हस हाय' झालं होतं. हजेरीला या वर्गात सगळे "हाय, बाई" म्हणायचे. क्रांती नुसता हात वर करू लागली. मग तिची आजी चिमणाबाई दुधाची रिकामी किटली हातात घेऊन आली.

"बाई, पोरगी घरात बी बोलंना झालीया. रतीब घालाय गेलं की लोक मलाच इचारत्यात, म्हस कशी हाय?"

बाई तशाच हेडसरांकडे गेल्या. "तो व्हिडिओ काढून टाका."

"काढून काय उपयोग? गावभर पोचला की! मुलगी स्टार झाली, मॅडम."

"स्टार मुकी झालीय."

"लाजत असेल. पुढच्या व्हिडिओत बोलेल."

बाईंनी शाळेचा फोन उचलला, "सराव घेते," म्हणाल्या आणि वर्गात जाऊन आतून कडी लावली. पोरांच्यात खाली बसून त्यांनी ॲप उघडलं. म्हैस आली.

"म्हस हाय," बाई म्हणाल्या.

"हाय! तुझं नाव काय?"

"संयोगिता हाय."

"हाय, संयोगिता! कशी आहेस?"

"बरी हाय."

"हाय!"

पोरं लोळायला लागली. बाईंनी कपाळावर हात मारला. "हिला काय कळंना झालंय गं! आता कसं सांगायचं?"

मागं बसलेल्या क्रांतीला ते सोसवेना. ती तरातरा पुढं आली आणि फोनला तोंड लावून ओरडली, "ए बाई! हाय म्हंजी आहे! तुमच्यात म्हशीला म्हस म्हणत न्हाईत व्हय?"

ॲपनं जरा विचार केला. "हाय! तुझं नाव काय?"

वर्ग पुन्हा फुटला. या वेळी हसू फोनला होतं, आणि सगळ्यांत मोठ्यानं क्रांती हसत होती.

खिडकीत हेडसरांचं डोकं उगवलं. "अरेरे! हे शूट करायला पाहिजे होतं, मॅडम. परत एकदा म्हणायला लावा की तिला."

बाईंनी खिडकीही लावून घेतली. फोन टेबलावर ठेवून हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"क्रांती?"

"हाय, बाई."

"हाय! कशी आहेस?" टेबलावरून आवाज आला.

"हिला गप करा की, बाई," क्रांती म्हणाली. "मधीमधी बोलतीया."