कोळ्याचा डोळा आणि लिफ्टमधल्या गौरी

गेल्या वर्षी आमच्या घरच्या गौरी लिफ्टमध्ये अडकल्या. त्यात माझा हात फक्त उजेड पाडण्यापुरता होता.

आधी माझं दुखणं सांगतो. रिफायनरीच्या सेफ्टी खात्यातून निवृत्त झालो, तेव्हा खात्याने घड्याळ दिलं आणि मुलाने कॅमेरा. तेव्हापासून मी किड्यांचे फोटो काढतो. स्टँडचा उपयोग नाही. त्याचे पाय उलगडेपर्यंत किडा आमच्या मांजलपूरहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोत्रीला पोचतो! म्हणून कॅमेरा हातातच. डाव्या हाताने डहाळी धरायची, त्याच हातावर लेन्स टेकवायची, श्वास रोखायचा, अंग केसभर पुढे न्यायचं आणि डोळा स्पष्ट दिसला की बटण! हात थरथरला तरी फ्लॅश इतका झटक्यात येऊन जातो की फोटो हलत नाही. (असं म्हणतात. माझे अकरा महिने हललेलेच आले.) फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून श्रीखंडाचा पांढरा डबा कापून पुढे लावला होता. डबा रिकामा करण्याचं कामही मीच केलं.

गौरी आवाहनाच्या दिवशी आईने जाहीर केलं, "यंदा गौरी सुनंदा आणेल. माझे गुडघे संपले."

सव्वीस वर्षं माझी बायको सुनंदा या वाक्याची वाट पाहत होती. आमच्यात फाटकाजवळच्या तुळशीपासून गौरी आणायच्या, त्याही तोंडात पाण्याची चूळ धरून. उंबरठा ओलांडून गौरी पाटावर बसेपर्यंत ना बोलायचं, ना पाणी गिळायचं. मुहूर्त साडेनऊच्या आतला. चूळ सांडली की आईचं पुढलं वर्षभराचं भाषण तयार! मला काम एकच, सुनंदाच्या मागून थाळी वाजवत यायचं.

"अहो, आज तो कॅमेरा नको," ती म्हणाली.

"छे गं! गौरीचा फोटो नको का?"

तुळशीची पूजा झाली, तिने चूळ भरली, मुखवट्यांचं सूप उचललं. तेवढ्यात मीटरच्या खोलीला लागून असलेल्या तगरीवर मला तो दिसला. उड्या मारणारा कोळी! भाद्रपदातलं सकाळचं दव अंगावर, स्वस्थ बसलेला.

"तू हो पुढे, मी आलोच," मी म्हणालो. सुनंदाने फुगलेल्या गालांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याला भाषांतर लागत नाही. ती लिफ्टकडे गेली आणि मी थाळी गवतात ठेवून तगरीत शिरलो.

श्वास रोखला. फट्! हलला. फट्! नुसता मागचा भाग आला. फट्! फट्!

"स्पार्क! मीटरमां स्पार्क थाय छे!" आमचे सोसायटीचे सेक्रेटरी जयेशभाई गुजरातीत ओरडत आले.

मी पानं झटकत बाहेर आलो. "शुं थयुं?"

"अरे साहेब, सारुं थयुं तमे छो! झाडीमां भडका थाय छे!"

आता, एकतीस वर्षं सेफ्टीत काढलेल्या माणसाला असं काही ऐकू आलं की त्याचं डोकं बाजूला राहतं आणि छाती पुढे येते. "कुणीही जवळ जायचं नाही!" मी गरजलो. "आधी मेन बंद!" आणि मेन स्विच मी स्वतःच्या हाताने खाली ओढला.

सगळ्या सोसायटीतले पंखे आणि टीव्ही बंद पडले. मग वरून आईचा आवाज आला, "अरे, सुनंदा कुठंय? नऊ वाजून गेले!"

सुनंदा लिफ्टमध्ये!

आम्ही लिफ्टकडे धावलो. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे अंधारात डबा लटकलेला. जयेशभाई दारावर थापा मारून ऐकू येतंय का विचारू लागले. "भाभी! बोलो ने! सांभळो छो?"

आतून काही नाही.

"बेभान थई गयां! एकसो आठने फोन करो!"

"बेशुद्ध नाही हो," मी म्हणालो. "ती बोलणार नाही. गौरी आहेत हातात."

"तो शुं? गौरीमाता बोलवानी ना पाडे?"

"हो! सुनंदा, ठीक असशील तर दाराला लाथ मार!"

आतून लाथ बसली. ती एवढी जोरात होती की ती ठीक आहे हे कळलं, आणि मी ठीक राहणार नाही हेही कळलं.

"मग मेन चालू करा!" कोणीतरी म्हणालं.

"स्पार्क सापडल्याशिवाय नाही," मी ठामपणे म्हणालो. (स्वभाव!) आणि तेवढ्यात घामाने बोट घसरून गळ्यातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. फट्!

जयेशभाईंनी आधी बंद लिफ्टकडे पाहिलं, मग श्रीखंडाच्या डब्याकडे. "साहेब," ते शांतपणे म्हणाले, "आ स्पार्क तो तमारो छे."

त्यांनी जाऊन मेन चालू केला. मी जिने चढून धापा टाकत तिसरा मजला गाठला. लिफ्ट उघडली. सुनंदा उभी होती. पदर सरळ, सूप सरळ, गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. थेंबही सांडला नव्हता. खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"गौरी आली?" उंबरठ्याआडून आईने विचारलं. "आली!" शेजारणींनी उत्तर दिलं. "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी!" (मला वाटलं, लिफ्टने.) नऊ सत्तावीसला गौरी पाटावर बसल्या. आईने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्याच्याने झालं नसतं गं," ती म्हणाली.

मी शहाणपणाने गॅलरीत सटकलो. तिथल्या कुंडीत, तुळशीच्या पानावर, कोळी! मी वाकलो. डहाळी धरली, लेन्स टेकवली, श्वास रोखला.

"अहो" ऐकू आलं नाही, कारण तिचं तोंड अजून भरलेलं होतं. खांद्यावर टकटक झाली म्हणून मान वळवली, तर सुनंदा वीतभर अंतरावर.

चूळ थेट माझ्या दोन डोळ्यांच्या मधे बसली. कॅमेऱ्यावर थेंब नाही, तुळशीवर थेंब नाही, कोळी तर हललासुद्धा नाही.

"सूनबाईचा नेम चांगला आहे," आई दारातून म्हणाली.

पाणी निथळताना मला एकच विचार आला. स्टँड नाही, फ्लॅश नाही, अठरा मिनिटं चूळ रोखलेली आणि पहिल्याच प्रयत्नात बरोबर डोळ्यांवर! आता शिकवणी लावायचीच झाली, तर ती घरातच मिळेल. फक्त ती बाई अजून माझ्याशी बोलत नाही.