उत्तरेच्या बांधावरचे चौदा ढीग

मळ्यातल्या विहिरीवर मोटारीच्या खोलीत मी एक डबा ठेवला होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकण घट्ट बसणारा. माझं माहेर धुळ्याचं. वडील एका कचेरीत भांडार सांभाळायचे, त्यामुळे कुठली वस्तू कुठे आणि किती, हे लिहून ठेवायची सवय घरातूनच लागलेली. सासर सावद्याजवळ, केळी पिकवणाऱ्यांचं. मळा गावापासून पायी अर्ध्या तासावर. तिथे वेळेला काडी सापडत नाही, ही तक्रार मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऐकली आणि दुसऱ्या वर्षी डबा तयार केला.

झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली होती. आगपेट्या सहा, मेणकागदात गुंडाळलेल्या. पेट्रोलचा लायटर एक, भावाने दिलेला. लायटरचे खडे तीन. मेणबत्त्या चार. सुती चिंध्या. झाकणाच्या कडेला मेण ओतून मी डबा बंद केला होता, म्हणजे दमट हवा आत जायला नको. दर महिन्याला मळ्यात गेले की डबा जागेवर आहे, मेण शाबूत आहे, एवढं बघायचं आणि वहीत खूण करायची.

ही सगळी तयारी थंडीसाठी. केळीला थंडी सोसत नाही. त्यातून नुकतं निसवायला लागलेलं, म्हणजे घड बाहेर टाकणारं झाड असेल तर घड अर्ध्यातच अडकतो. त्यामुळे आमच्याकडे कडाक्याच्या दिवसांत पहाटे बांधावर ढीग पेटवतात. खाली वाळलेली पानं, वर ओला पाला. जाळ नको, धूर हवा. तो बागेवर पसरला की सूर्य वर येईपर्यंत झाडं तगतात.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. पौषातली गोष्ट. उत्तरेकडची चार बिघे केळी निसवत होती. माझे यजमान अमळनेरला लग्नाला गेलेले. संध्याकाळीच वारा सातपुड्याकडून वाहायला लागला, तेव्हा आबा म्हणाले की उद्या पहाटे जावं लागेल. आबा म्हणजे माझे सासरे. पहाटे आम्ही दोघं बॅटरी घेऊन निघालो. आबा माळकरी, त्यांच्या खिशात बिडी-काडी असण्याचा प्रश्नच नव्हता. मी चुलीजवळची आगपेटी घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मळ्यात सहा होत्या.

बांधावर चौदा ढीग रचून ठेवले होते. मी मेण खरवडून डबा उघडला. पहिली काडी ओढली, गूल चुरा होऊन पेटीलाच चिकटला. दुसरी, तिसरी, तशीच. दुसऱ्या पेटीचा घासायचा पट्टाच सोलून हातात आला. सहाही पेट्या झाल्या. लायटरचं चाक फिरेना. जोर लावून फिरवलं तर ठिणगी नाही, राखाडी भुकटी पडली. पेट्रोलचा वासही उरला नव्हता. जादा खड्यांची पुडी सोडली, त्यातही भुकटीच. मी बॅटरी पुन्हा पुन्हा यादीवर मारत होते. यादीतली प्रत्येक वस्तू डब्यात होती.

 आबा केळीच्या पानांवरून हात फिरवत होते. पानं बर्फासारखी गार, दवाने थबथबलेली.

घरी जाऊन यायचं म्हणजे एक तास, तोवर उजाडलं असतं. मी निघणार तेवढ्यात दक्षिणेच्या बाजूने शेजारच्या मळ्यातली अक्का आली. तिच्या बांधावर केव्हाच धूर चालू होता. डोक्यावर चुंबळ, त्यावर घमेलं, घमेल्यात निखारे.

“भाऊ, तुमच्या बांधावर धूर कुठी आहे? बठ्ठा गार वारा माह्या केळीत येऊ राह्यला.”

आबांनी डब्याकडे बोट दाखवलं. तिने बॅटरीच्या उजेडात तो उलटापालटा करून पाहिला, यादीसुद्धा पाहिली.

“डबा मस्त आहे,” ती म्हणाली. “पूजेले ठेवा.”

“झाली त्याची पूजा,” आबा म्हणाले.

 मी तळाच्या चिंध्या उपसल्या. खाली झेंडूचं एक फूल होतं, काळं पडून पत्र्याला चिकटलेलं, आणि भोवती गंजाचं वर्तुळ. खंडेनवमीला आम्ही मळ्यातली सगळी अवजारं पुजतो. डबाही अवजारच, म्हणून मीच तो नांगर-कुदळीच्या रांगेत उघडून ठेवला होता. आबांनी सगळ्यांवर पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, एकेक फूल ठेवलं. संध्याकाळी मी वस्तू मोजल्या, संख्या बरोबर आली, आणि वरून मेण ओतलं.

निखारे चौदा ढिगांना पुरवायला वेळ लागला. ओल्या पाल्याखाली फुंकून फुंकून डोळे चुरचुरले. शेवटचे चार ढीग पेटले तेव्हा पूर्व उजळली होती. जाताना अक्काने तिचं घमेलं धुऊन परत द्यायला सांगितलं.

चूक कुणाची, हे मला त्या दिवशी ठरवता येईना. आबांनी फूल ठेवलं. मी डबा पुढे केला, मीच बंद केला. घरी विषय काढला तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, “मग पूजा नाही करायची का?” 

पुढचे दोन महिने मी वस्तू तपासत बसले. नवा डबा केला, पूजा नाही, मेण नाही. महिन्याने दहा काड्या ओढल्या, सात पेटल्या, तीन नाही. त्या तिन्हींना काय झालं ते कळलं नाही. चुलीशेजारची पेटी वाफेत, धुरात पडून असायची, तिची एकही काडी फुकट गेली नाही. लायटर जळगावला दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, आठवड्याला पेट्रोल भरायचं, रोज एकदा पेटवायचा. मी विचारलं, मग हा अडचणीसाठी कसा ठेवायचा? तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आबांच्या वडिलांची चकमक माळ्यावर होती. पोलाद आणि गारगोटी, दोन्ही तशीच्या तशी. ठिणगी पडायची, पण ती कापसावर झेलायची पद्धत आबांनाही नीट आठवेना. तीन दिवस खटपट केल्यावर एकदा धूर निघाला. तो कसा निघाला, हे ते सांगू शकले नाहीत.

एक मात्र समजलं. मी डबा तपासत होते म्हणजे मोजत होते. काडी ओढून पाहिली असती तर यादीत एक कमी झाली असती, म्हणून कधीच ओढली नव्हती.

वैशाखात उत्तरेच्या केळीचे घड कापणीला आले. मी वहीत दोन रकाने आखले, थंडीने गेलेली आणि वाचलेली, आणि आबांबरोबर ओळीओळीने फिरले. ज्या चार ढिगांना उशीर झाला त्यांच्यासमोर काही घड आखूड, वाकडे होते. ते मी लिहिले. पण त्यांच्याच मध्ये भरदार घडही लोंबत होते. आणि ज्या ढिगांचा धूर आधी झाला, त्यांच्यासमोरही दहा-बारा झाडं रोडावलेली निघाली. ती धूर कमी पडून गेली, की पाणी कमी पडून, की ती गेलीच असती? मी आबांना विचारलं. त्यांनी एका घडावर हात ठेवला, फण्यांकडे पाहिलं.

“मले नाही सांगता येत, माय,” ते म्हणाले. “तू पुढची ओळ घे.”

मी त्या झाडासमोर काहीच न लिहिता पुढच्या ओळीत गेले.