शेवटच्या ग्राइंडरचं पीठ

मनस्विनी ऑफिसच्या फरशीवर मांडी घालून ग्राइंडरमधलं पीठ हातानं काढत होती. कोपरापर्यंत पांढरी झालेली. कंपनी आज बंद होणार, आणि ही बाई पीठ काढत बसलेली. तिच्याकडं दुरुस्तीच्या कामाला असलेल्या महांतेशला तिचा रागच आला.

धंदा मिक्सर-ग्राइंडर दुरुस्तीचा. जे. पी. नगर, जयनगरातल्या घरांतून मशीन आणायची, नीट करून पोचवायची. मनस्विनी मूळची पुण्याची, पण कंपनी काढली ती या कानडी शहरातच, आणि पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवला. दुरुस्त ग्राइंडरमध्ये तांदूळ-उडीद वाटून बघितल्याशिवाय तो परत जायचा नाही. पीठ कामावरच्या पोरांनी घरी न्यायचं. पैसे लावणारे म्हणाले, असले लाड करून कंपनी मोठी होत नसते. शेवटी त्यांनी हात आखडता घेतला. तिनं नियम सोडला नाही. महांतेशला विचाराल तर त्या लोकांना अक्कलच नव्हती.

महांतेश निपाणीचा, नववीत शाळा सोडलेला. बाकीच्या पोरांना तिनं फोन कर-करून कुठं ना कुठं चिकटवलं होतं. उरला हाच, कारण हा हलायलाच तयार नव्हता. आधी तुमचं बघा अक्का, मग माझं, एवढंच धरून बसलेला.

तिनं हात धुतले, पिठाचा डबा त्याच्या हातात कोंबला, स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका मशीन कंपनीच्या दारात आणलं. वॉचमननं तिला ओळखलं. परत आलात का, म्हणून कन्नडमध्ये विचारलं. ती नुसती हसली.

महांतेश गेटवरच अडून बसला. "मी आत गेलो म्हणजे आपली कंपनी खरंच मेली, अक्का."

"मेलीच आहे रे. तिच्यासोबत तुला पण पुरू का?" ती म्हणाली. "जा वर. शर्ट खोच आधी."

वरच्या साहेबानं सर्टिफिकेट मागितलं. नव्हतं. मग डब्यात काय आहे विचारलं. महांतेशनं सरळ सांगून टाकलं, सकाळी दुरुस्त केलेल्या ग्राइंडरचं पीठ आहे, आमच्यात वाटल्याशिवाय मशीन परत जात नाही. साहेबानं झाकण काढलं, थोडं पीठ बोटांत चोळून बघितलं आणि उद्यापासून ये म्हणाला.

खाली मनस्विनी स्कूटरला टेकून उभी होती. त्यानं काम मिळाल्याचं सांगितलं. तिनं हात पुढं केला.

"डबा दे इकडे. माझे रात्रीचे डोसे आहेत ते."

बऱ्याच दिवसांनी जेवता जेवता त्या साहेबानंच महांतेशला सांगितलं. आदल्या दिवशी मनस्विनी स्वतःच्या नोकरीसाठी तिथं आली होती. स्वतःची कंपनी चालवलेली बाई कुणाच्या हाताखाली टिकायची नाही, म्हणून त्यांनी तिला नको म्हटलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, माझं राहू दे, उद्या एक पोरगा आणते, त्याला तरी बघा.