सावलीचे दगड आणि रय्याचा प्रश्न

आमच्या गावात पाणी सावलीने वाटलं जातं. डोंगराच्या पोटातून निघालेला पाट खजुरीच्या बागांपर्यंत येतो, आणि मशिदीमागच्या मोकळ्या जागेत एक काठी उभी असते. काठीची सावली एका दगडावरून दुसऱ्यावर सरकली की एका बागेचं पाणी बंद होतं आणि शेजारच्या बागेचं उघडतं. घड्याळं आमच्याकडेही आहेत, पण पाण्याच्या बाबतीत त्यांना कोणी विचारत नाही. सावली पाहून पाणी सोडणाऱ्याला आम्ही अरीफ म्हणतो. माझे मेहुणे खलफान अरीफ होते, त्यांचे वडील होते, आजोबाही होते.

मागच्या हिवाळ्यात ओढा फुगला आणि काठीसकट सगळे दगड घेऊन गेला. काठी काय, नवी रोवता येते. दगडांच्या जागा मात्र फक्त खलफानच्या नजरेत होत्या, आणि ती नजर तोवर विझत आली होती. समोर बसलेला माणूसही ते आवाजावरून ओळखत.

वडीलधारी बैठकीला जमली. खलफानचा चुलतभाऊ सुवैलिम म्हणाला, "दादा, आता घड्याळ लावू या. पाणी मी सोडत जाईन. आयुष्यभर उन्हात बसलात, आता जरा सावलीत बसा."

बोलणं मधासारखं होतं. कॉफीचा पेला खलफानच्या हातात तसाच निवत गेला.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी रय्या म्हणाली, "दगड कुठे बसवायचे, ते मी गणिताने काढून देते."

रय्या शहरात गणित शिकलेली. लग्न टिकलं नाही तेव्हा बापाच्या घरी परत आली आणि त्यांचा हात धरून त्यांना मशिदीपर्यंत नेऊ लागली. वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुदत दिली, खजुरांच्या घोसांवर पिवळा रंग चढेपर्यंत. तोवर दगड बसले तर अरीफचं काम त्याच घरात राहील आणि रय्या बापाची नजर होईल. नाही तर सुवैलिमचं घड्याळ.

रय्याने संगणकावर गणिताचं सॉफ्टवेअर घेतलं. ते तिला नवं होतं. सूर्य कुठे, काठी किती उंच, कुठल्या बागेला किती वेळ पाणी, सगळं तिने त्यात घातलं. उत्तर आलं ते असं, की सकाळची सावली उगवत्या सूर्याकडेच तोंड करून पडलेली. चार वेळा तपासलं, तरी सावली काही वळेना.

त्या सॉफ्टवेअरचा मदतीचा मंच होता. जगभरची माणसं तिथे अडचणी मांडतात आणि जाणते लोक उत्तरं देतात. रय्या तिथे गेली, ती आपल्या वळणाने. आमच्याकडे कोणी कोणाच्या दारी गेलं की आधी खजूर, मग कॉफी, मग "काय खबर?" आणि घरावरचं छप्पर उडालेलं असलं तरी पहिलं उत्तर एकच, काही खबर नाही, सगळं क्षेम. पुन्हा विचारतात, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस हळूच मनाची गाठ सोडतो.

रय्याने त्या सगळ्यांना सलाम लिहिला, त्यांच्या थोरामोठ्यांची चौकशी केली, तुमच्याकडे पाऊस बरा झाला का म्हणून विचारलं. मंचाची देखरेख करणारा वेइक्को नावाचा एक बर्फाळ देशातला माणूस होता. त्याने लिहिलं, "नमस्कार. तुमचा प्रश्न काय आहे?"

"काही प्रश्न नाही. देवाची कृपा आहे. तुमची खबर सांगा."

"मी ठीक आहे. मग अडचण काय आहे?"

"काही अडचण नाही, सगळं उत्तम."

त्यावर वेइक्कोने ते पान बंद केलं आणि खाली लिहिलं, 'प्रश्न नाही.'

"मामा, अजून एकदा विचारलं असतं तर सांगणारच होते मी," रय्या मला म्हणाली. मला हसू आवरेना. खलफान मात्र हसले नाहीत. "पाहुणीच्या तोंडावर दार लावलं?" एवढंच ते बोलले, आणि दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही.

रस्त्यात सुवैलिम भेटला. "काय रय्या, सापडली का सावली? नाही तर माझ्या मनगटावर आहे."

"मनगट झाकून ठेवा, काका. ऊन लागेल."

तोंडाने असं म्हणाली, पण घरी येऊन खिडकीतून घोसांकडे पाहत बसली. मग तिने मंचावरची इतरांची पानं वाचायला घेतली. तिथे पहिल्याच ओळीत लोक आपली गरज सांगत. चूक दिसायला लागेल तेवढाच हिशेब मांडत, काय यायला हवं होतं आणि काय आलं ते सांगत. रय्यानेही तसंच लिहिलं आणि बापाला वाचून दाखवलं.

"एका शब्दाचा सलाम आणि लगेच पसरला हात?" खलफान म्हणाले. "आपल्या घरातलं कोणी असं बोललेलं नाही."

"बाबा, ती माणसं आपली कामं सोडून वाचतात. त्यांचा वेळ वाचवला की त्यांना मान दिल्यासारखं होतं."

खलफान बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. "बरं. पण चूक बहुधा माझी आहे, असं लिही. मागणाऱ्याने तेवढं तरी खाली बसावं."

तिने ते वाक्य घातलं आणि प्रश्न पाठवला. संध्याकाळच्या आत वेइक्कोचं उत्तर आलं. 'चूक खरंच तुमची आहे, पण इथे येणारा प्रत्येकजण ती करतो. हे सॉफ्टवेअर कोन रेडियनमध्ये मोजतं आणि तुम्ही अंश दिलेत. आधी बदलून घ्या.' रय्याने बदलून घेतले, आणि सकाळची सावली मुकाट्याने पश्चिमेला वळली.

घोस पिवळे झाले तेव्हा दगड बसले होते. सगळं गाव काठीभोवती जमलं. सुवैलिम घड्याळ धरून उभा होता. सावली एकेका दगडाला वेळेवर पोचत गेली, आणि मग एका दगडापाशी चुकली. वेळ झाली तरी तिचं टोक काठीच्या बाजूला वीतभर अलीकडेच होतं. रय्याचा चेहरा उतरला.

"कुठला?" खलफाननी विचारलं.

"विहिरीच्या बाजूचा, बाबा."

"तिथे जमीन चढती आहे. तिथला दगड आमच्या वेळी काठीच्या जरा जवळ असायचा."

रय्याने कपाळावर हात मारला. तिने सगळी जमीन सपाट धरली होती. खाली बसून तिने चढ मोजला, हिशेब पुन्हा केला आणि दगड वीतभर आत सरकवला. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा जमले. सावली त्या दगडाला टेकली तेव्हा सुवैलिमने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मनगटावरची बाही खाली ओढली.

"दादा," तो म्हणाला, "आता पाणी कोणाचं?"

खलफाननी मान रय्याकडे वळवली. सावली कुठल्या दगडावर आहे ते तिने सांगितलं.

"मग तुझ्याच बागेचं आहे, सुवैलिम," अरीफ म्हणाले. "जा, उघड."