शेवट सांगणारे अप्पा

काशिनाथअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात त्यांच्याच वाचनालयातली एक रहस्यकथा होती आणि खून कोणी केला हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होतं. पुस्तक देतानाच अप्पांनी सांगून टाकलं होतं, ‘‘मास्तर, डॉक्टरनंच मारलंय. तरी वाचा, चांगली हाय.’’ फोनवर त्यांची सून महादेवी रडत होती.

बिदर जिल्ह्यातल्या भालकीत अप्पांचं बी-बियाणांचं दुकान. त्याच्या अर्ध्या भागात त्यांनी मराठी वाचनालय थाटलं होतं, त्यामुळे आमच्या सगळ्या कादंबऱ्यांना युरियाचा वास यायचा. अप्पा घरात कन्नड बोलायचे, गिऱ्हाइकाशी दख्खनी उर्दू आणि वाचायचे मात्र मराठी. वाचायची रीतही त्यांचीच. आधी शेवटचं पान आणि ते पटलं तर मग पहिलं. एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडत नव्हतं, पण शेवट त्यांच्या पोटात राहायचा नाही. पुस्तक बदलायला आलेला माणूस कानांवर हात ठेवून आत शिरायचा. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, ‘‘बिदरच्या गाडीत बसल्यावर बिदर येणार हे ठाऊकच असतंय की. म्हणून काय खिडकीतनं बघायचं न्हाई?’’

एकदा लातूरहून एका लेखिकाबाईंना आम्ही त्यांच्या नव्या कादंबरीवर बोलायला बोलावलं. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन बाई आल्या. परिचय करून द्यायला अप्पा उठले आणि बाईंचं गाव सांगता सांगता कादंबरीत शिरले, ते थेट शेवटाला जाऊन बाहेर पडले. नायिका नवऱ्याकडे परत जाते, हेही सांगून झालं. बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. ‘‘आता मी काय बोलू?’’ एवढंच त्या म्हणाल्या. मी तर मान खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात जवळच्याच मेहकरचे एक शेतकरी तावातावानं उठले. ‘‘कामून परत जाती ती? एवढं सोसून?’’ मग जी जुंपली ती अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. पार दिवेलागण झाली तरी माणसं हलेनात. आपलं खरं करायला प्रत्येकाला पुस्तक हवंच होतं, त्यामुळे गठ्ठा संपला. निघताना बाई अप्पांना हसत म्हणाल्या, ‘‘पुढच्या वेळी तुमचा बंदोबस्त करूनच येईन.’’

तो त्यांनी केला. पुढची कादंबरी टपालानं आली ती शेवटच्या प्रकरणाला चारी बाजूंनी पिना मारून. अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आठवडाभर ते पुस्तक उजेडात धरून आत डोकावायचे. शेवटी नाइलाजानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. विहिरीवरून भांडलेल्या दोन भावांची ती गोष्ट. थोरला रागानं गाव सोडून जातो आणि धाकटा वाट बघत बसतो. ती अर्धी वाचून झाली आणि अप्पांचं दुखणं निघालं.

कलबुर्गीच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा पुस्तक उशाशी होतं. अप्पा शेवटच्या प्रकरणापाशी येऊन थांबले होते आणि पिना जशाच्या तशा होत्या. ‘‘थोरला येतोय का न्हाई, काहीच कळंना मास्तर,’’ ते म्हणाले.

‘‘काढू का पिना?’’

त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. ‘‘नको. माझं कसं संपायलंय ते डॉक्टरनं सांगून टाकलंय. ह्या गोष्टीचं तरी ठाऊक नसू द्या.’’

मी म्हटलं, ‘‘आता कळलं ना, इतकी वर्षं आम्हाला कसं वाटायचं ते?’’

‘‘व्हय की,’’ म्हणाले आणि हसले. तीच आमची शेवटची भेट. त्या हसण्याची मला फार आठवण येते.

दिवस-पाणी आटोपल्यावर महादेवीनं ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. पिना तशाच होत्या. मागच्या आठवड्यात मी दुकानात गेलो, अप्पांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसलो आणि पक्कड मागून एकेक पिन उपसली. ज्यांना ती कादंबरी वाचायची आहे त्यांनी कृपया इथेच थांबावं. अप्पांवर लिहायचं आणि शेवट लपवायचा, हे मला जमणार नाही.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं. खुर्ची रिकामीच होती, तरी तिच्याकडे बघून मी म्हटलं, ‘‘अप्पा, थोरला येतोय. उशिरा येतोय, धाकटा झोपलेला असतोय, पण येतोय.’’

मागे काट्यावर महादेवी बियाणं जोखत होती. तिचा हात थांबला.

‘‘काय हो मास्तर, मला वाचायची होती की ती.’’

मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. ‘‘तरी वाच,’’ म्हटलं, ‘‘चांगली हाय.’’