वरून खाली

सोफे शिवणाऱ्या मावशीला कुणी विचारलं की एवढ्या जोरात का वाजवता, तर ती उलट विचारायची, हळू वाजवून कुणाचं भलं झालंय? पंचावन्न ओलांडलेली बाई, केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि गळ्यात काळी इलेक्ट्रिक गिटार. आठवडाभर ती दुकानात जुन्या सोफ्यांची कातडी सोलायची, नवं रेक्झिन ताणून ठोकायची, आणि रविवारी त्याच दुकानाचं शटर ओढून हेवी मेटल वाजवायची. उरलेला फोम तिने चारी भिंतींना चिकटवला होता. तरी शेजारच्या चष्मेवाल्याने रविवारचं दुकान बंदच ठेवायला सुरुवात केली होती.

बँड म्हणजे जवळजवळ घरचाच मामला. ड्रमवर नवरा. तो एरवी लोकांचे गळके नळ दुरुस्त करायचा, आणि तिथे ज्या गोष्टी ठोकता येत नाहीत त्यांचा राग ड्रमवर काढायचा. दुसऱ्या गिटारवर बहिणीची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि तिची बोटं एकदा पाहिली की का म्हणत ते विचारावं लागत नसे. गाणारा शाळेत भूगोल शिकवायचा. सोमवारी त्याच्या वर्गात फक्त नकाशे दाखवले जायचे.

मावशी आणि भाचीमध्ये एकच भांडण होतं, पण ते कधी शिळं झालं नाही. चांगला गिटारवाला कोण? सराव संपला की भिंगरी एकेकाचं रेकॉर्डिंग लावायची. तिला वेगाचे लोक आवडत, सुरांचा नुसता सडा घालणारे. मावशी ऐकायची आणि म्हणायची, याला गाडी पकडायचीय वाटतं. दुसरा एक तार खेचून खेचून किंचाळायला लावायचा. त्याला ती मानायची, रडतो पण मनापासून रडतो म्हणायची. तिसऱ्याचा आवाज करवतीसारखा बारीक आणि खरखरीत. कापतो चांगला, पण बसत नाही कुठे, असा त्याचा निकाल लागायचा. मग भिंगरी मुद्दाम शेवटी तो संथ वाजवणारा लावायची. तारा सैल सोडलेल्या, आवाज जाड, प्रत्येक आघात सुटा आणि दोन आघातांच्या मध्ये माणूस उठून पाणी पिऊन येईल एवढी जागा. मावशी चष्मा काढून ऐकायची. "हा बघ," म्हणायची, "याच्यावर कुणीही बसू दे, खचणार नाही."

तिची स्वतःची तऱ्हा त्याच वळणाची होती. बाकीचे तारेवर पिक, म्हणजे बोटांत धरलेली प्लास्टिकची चकती, खाली मारतात आणि वर येतानाही मारतात; एका फेरीत दोन कामं. मावशी फक्त वरून खाली मारायची. वर येताना हातात वजन नसतं, नुसती हजेरी लागते, असं तिचं म्हणणं. शिवाय तिचा आघात ड्रमनंतर किंचित उशिराने पडायचा. नवरा दार उघडून आत यायचा आणि मागून ती दार लावून घ्यायची, तसं. इतक्या वर्षांत नवऱ्याला त्या उशिराची सवय झाली होती. तो थांबायचा तिच्यासाठी. घरात तो दुसऱ्या कशासाठीही थांबत नसे.

मग हात बोलायला लागला. आधी अंगठ्याचं मूळ सुजलं, मग मनगट. डॉक्टर म्हणाले, ठोकणं आणि वाजवणं, दोन्ही या हाताला झेपणार नाही. मावशी म्हणाली, मग सोफे कमी घेते. डॉक्टरांना तिने गिटार सोडावी असं सुचवायचं होतं. ते पुन्हा स्पष्ट बोलले, आणि तिने त्यांच्या टेबलामागची खुर्ची फाटल्याकडे लक्ष वेधलं. भिंगरीने वेगळा तोडगा काढला: मावशी, तूही खाली-वर वाजव ना, निम्मं दुखेल. मावशीने तिला एवढंच सांगितलं की गाणंही निम्मंच वाजेल. हात हेच तिचं सगळं होतं, आणि तो जाणार असेल तर तिच्या मर्जीने जावा, एवढाच तिचा हट्ट होता.

अशात त्यांना पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात वाजवायला बोलावलं. तिकीट लावून. भिंगरी आणि नवरा यांनी डोकी एकत्र केली. दोघांचाही तिच्यावर जीव होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे केलं त्यावरून तसं वाटणार नाही. हात बरा होता अशा एका रविवारी भिंगरीने मावशीचं वाजवणं सगळं रेकॉर्ड करून घेतलं. आठवण म्हणून, असं सांगितलं. घरी जाऊन कॉम्प्युटरवर साफसूफ केलं, प्रत्येक आघात काटेकोर ताल-मात्रेवर आणून बसवला. कार्यक्रमात ते लावायचं, मावशीच्या अ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरचा, आवाज अगदी बारीक ठेवायचा, आणि तिला सांगायचं की इथला माइक भारी आहे, हळू मारलंस तरी पुरे.

कार्यक्रमाच्या दिवशी मावशीला एकच गोष्ट खटकली. नवऱ्याने कानात काहीतरी घातलं होतं. एवढ्या वर्षांत त्याने कधी कान झाकले नव्हते. तो म्हणाला, वय झालं. वयाचा विषय निघाल्यावर तिने तो वाढवला नाही.

तिसऱ्या गाण्यात ती जागा आली, जिथे सगळे थबकतात आणि मग तिचा आघात पडतो. ती नेहमीप्रमाणे किंचित मागे राहिली. आणि तिच्या आधी तिचीच गिटार वाजली.

आवाज तिचाच, खरखर तिचीच, जाडी तिचीच. पण आपल्या चपला घालून दुसरंच कुणी चालतंय असं तिला वाटलं. तिने पुढचा आघात मारलाच नाही. गिटार वाजली. त्याच्या पुढचाही नाही. गिटार वाजतच राहिली, आणि समोर लोक माना हलवत राहिले.

मावशीने उजवा हात कमरेवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. सगळ्यांना नीट दिसेल अशी. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, कुणी मोबाइल वर केला. भिंगरीचा चेहरा उतरला आणि ती घाबरून आणखी वेगात वाजवत सुटली. गाणं कसंबसं संपलं.

मावशी शांतपणे चालत कॉम्प्युटरपाशी गेली आणि त्याची वायर उपटली. मग स्वतःच्या अ‍ॅम्पचा आवाज फिरेल तेवढा फिरवला. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "काढ ते कानातलं."

त्याने काढलं.

भिंगरी जवळ आली. रडवेली झाली होती. "मावशी, तुझा हात गं."

"हात माझा आहे. दुखेल तर मला दुखेल. तू माझा उशीर पुसलास. विचारलंस मला?"

मावशीला खूप राग आला होता, आणि रागाच्या खाली अपमान होता, आणि दोन्ही तिने लपवले नाहीत. तेच गाणं पुन्हा, म्हणाली. माझ्या हाताला जमेल त्या लयीने.

तिने पहिला आघात मारला. वरून खाली. कळ खांद्यापर्यंत गेली. ती ओसरेपर्यंत थांबली आणि मग दुसरा. गाणं निम्म्याहून संथ झालं. नवऱ्याला मोजायला आता कानात कॉम्प्युटरचे ठोके नव्हते, म्हणून तो तिच्या मनगटाकडे बघून वाजवू लागला. प्रत्येक आघाताला सभागृहातल्या खुर्च्या थरथरल्या. मागून कुणीतरी ओरडलं, जरा पळवा की. मावशीने लय आणखी उतरवली. भिंगरीला त्या मोकळ्या जागांत काय भरावं कळेना. दोनदा सूर सांडले, ते ओशाळे वाटले. शेवटी तिने एकच तार दाबली आणि मावशीचा हात खाली येईपर्यंत तो सूर धरून ठेवला. सोडावासा वाटला तरी धरला. आता समोर कुणी माना हलवत नव्हतं. लोक नुसते ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी हात भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टर चिडले. नवऱ्याने चहाचा कप तिच्या डाव्या हातात दिला आणि माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. एका गिऱ्हाइकाला त्याचा सोफा ठरल्या दिवशी हवा होता. होत नसेल तर कारखान्यातून मशीनवर करून घेतो, म्हणाला.

"उशीर होईल," मावशी म्हणाली. "माझ्या हातचा हवा असेल तर थांबा."

फोन ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंड मिटून थांबला होता.